घोड्याची वैरण संथ कशी करावी: कडब्याच्या मुलखासाठी जाळी, पिंप आणि इतर सोयी

रानात मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे १४ ते १८ तास चरत असतो. एक घास, दोन पावलं, पुन्हा घास. त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, ८ ते १५ लिटरचं. पोटात काही असो वा नसो, त्यात आम्ल चोवीस तास झिरपत राहतं. ते आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र घोडा चावत असतानाच सुटते. गाय-म्हैस भरभर गिळून घेते आणि सावलीत बसून रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोनदा वैरण टाकायची गोठ्यातली रीत घोड्याला जशीच्या तशी लावली की बिघाड सुरू होतो. दोन-अडीच तासांत वैरण संपते, मग नऊ-दहा तास पोट रिकामं. त्यातून जठरात व्रण, पोटशूळ, गव्हाणीच्या कडेला दात लावून हवा गिळणं, उभ्या उभ्या डावी-उजवीकडे झुलत राहणं, माती आणि लीद खाणं. सलग चार तासांहून जास्त वेळ घोडा चाऱ्याविना राहू नये, हा नियम धरून पुढचं सगळं वाचा.

आपल्याकडे वरातीचे आणि शौकाचे घोडे लग्नसराई सोडली तर बराच काळ खुंट्यालाच असतात. रपेट कमी, रिकामपण जास्त. संथ चाऱ्याची जाळी अशा घोड्यांच्या सर्वांत जास्त उपयोगाची. जाळीच्या बारीक भोकांतून घोड्याला ओठांनी थोडी थोडी काडी ओढून घ्यावी लागते, म्हणून तेवढीच वैरण दीडपट-दुप्पट वेळ पुरते.

तयार जाळ्या विकत मिळतात, पण बहुतेक मऊ, बारीक वाळलेल्या गवताचा हिशेब धरून विणलेल्या असतात. सोलापूर जिल्ह्यात हाताशी असते ती ज्वारीच्या कडब्याची पेंढी: पाच-सहा फूट लांब धाट, बोटाएवढी जाड, मध्ये कडक पेरं. ती ४ सेंटिमीटरच्या भोकात धड शिरत नाही आणि शिरली तर निघत नाही. म्हणून आधी वैरण ठरवायची, मग भोक.

आधी वजन, मग माप

जाळी लावली म्हणून घोड्याची वैरण कमी करायची नसते. हा गैरसमज फार आहे. घोडा हळू खाऊ लागला की मालकाला वाटतं, याला कमी पुरतं. महिन्याभरात बरगड्या दिसू लागतात. वैरण मोजूनच द्या, आणि मोजायची तर घोड्याचं वजन माहीत हवं. वजनकाटा नसला तरी टेप चालतो. पुढच्या पायांच्या मागून, कोपराजवळून छातीचा घेर घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५५ आणि लांबी १४५ असेल तर वजन साधारण २९३ किलो येतं.

घोड्याला दिवसाला वजनाच्या निदान दीड टक्का कोरडा चारा लागतो. दोन टक्के असला तर उत्तम. वाळलेल्या वैरणीत दहाएक टक्के ओल असतेच, ती धरून आपल्या २९३ किलोच्या घोड्याला दिवसाला ५ ते साडेसहा किलो वैरण. लसूणघास हिरवी देत असाल तर तिच्यात चार-पंचमांश पाणीच असतं, म्हणून ५ किलो हिरवी लसूणघास म्हणजे जेमतेम किलोभर कोरडा चारा. पेंढ्या मोजून चालत नाही, कारण पेंढी-पेंढीत किलोभराचाही फरक निघतो. टांगायचा स्प्रिंगकाटा घ्या आणि भरलेली जाळीच त्याला लावा.

वाटणीत रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा ठेवा. सहा किलोचा हिशेब असेल तर पहाटे दीड, दुपारी दीड, संध्याकाळी एक आणि रात्री दहाच्या सुमारास दोन किलो. रात्री माणूस झोपतो आणि घोडा जागा असतो. तेच तास सर्वांत लांब उपाशी जातात. जाळीचा खरा उपयोग रात्री.

कडबा, गवत आणि काय नको

घोड्यासाठी चांगली वैरण म्हणजे वाळलेली हरळी, मारवेल, ओट, थोडी लसूणघास. कडबा चालतो, पण एकूण वैरणीच्या निम्म्यावर नेऊ नका. तो खरबरीत असतो आणि पाणी कमी पडलं की आतड्यात बसतो. मालदांडी या ज्वारीच्या वाणाचा, बारीक धाटाचा, पाला टिकलेला कडबा निवडा. पाला झडून नुसती चिपाडं उरलेला जुना कडबा घोड्याला टाकूच नका.

कोयत्यानं ठोकळ्यावर धाटं वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, तोडून घ्या. इथे दोन्हीकडून चूक होते. अख्खी धाटं जाळीत कोंबली तर पेर भोकात अडकतं, घोडा हिसका देतो, जाळी फाटते नाहीतर हिरडी सोलते. उलट कुट्टी यंत्रातून दोन सेंटिमीटरची बारीक कुट्टी काढून भरली तर ती भोकांतून खाली गळते, घोडा जाळी सोडून जमिनीवरची माती-वाळूसकट कुट्टी वेचतो आणि वाळू आतड्यात साठून पोटशूळ होतो. शिवाय बारीक कुट्टी घोडा कमी चावून गिळतो, घशात बोळा बसण्याची भीती. कुट्टी गाई-म्हशींसाठी राहू द्या. जाड बुडखा उभा चिरून घेतला तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर खालचे दोन पेर तोडून म्हशीच्या गव्हाणीत टाका.

हिरवी ज्वारी, विशेषतः पाण्याचा ताण बसलेली कोवळी किंवा खोडव्याची, कोणत्याच जनावराला नको. तिच्यात सायनाइड तयार होतं. घोड्याला तर चांगली वाढलेली हिरवी ज्वारीही देऊ नये, कारण तिच्यानं मूत्राशय आणि मागच्या पायांचा ताबा बिघडतो. सुबाभूळ शेळीला थोडी चालते, घोड्याची मात्र आयाळ आणि शेपूट गळते. कुसळी गवत फुलोऱ्याआधी कापलेलं असेल तरच घ्या, नाहीतर कुसळं जिभेखाली आणि हिरड्यांत रुततात. जाळीतून खाताना घोडा तोंड खुपसतो, तेव्हा ती डोळ्यांतही जातात. गंज भिजून आतली वैरण काळी पडली असेल, बुरशीचा वास येत असेल, तर ती वाळवून "चालेल" असं करू नका.

जाळी कशी करायची

लागणारं सामान: गाठी नसलेली विणलेली जाळी, दोरा ३ ते ४ मिलिमीटर जाड, २ मीटर बाय १ मीटरचा तुकडा, त्याच दोऱ्याचा ५ मीटर जादा गुंडा, तोंडासाठी ८ मिलिमीटरची दोरी अडीच मीटर, स्प्रिंगकाटा, मेणबत्ती किंवा लायटर. क्रिकेटच्या सरावाची जाडसर जाळी बऱ्याचदा याच मापाची असते आणि खेळाच्या साहित्याच्या दुकानात मीटरवर मिळते. व्हॉलीबॉलच्या जाळीची भोकं १० सेंटिमीटरची, म्हणून नुसती कामाची नाही. उजनीकाठी मासेमारीची जाळी स्वस्तात मिळते, पण तिचा धागा बारीक. तो हिरडी आणि ओठाचा कोपरा कापतो.

भोकाचं माप वैरणीवर. वीतभर तोडलेला कडबा असेल तर ५ ते ६ सेंटिमीटर. कडबा आणि गवत निम्मं-निम्मं असेल तर ५. नुसतं हरळीसारखं बारीक गवत असेल तर सुरुवातीला ५, घोडा सरावला की ४. तीन सेंटिमीटरचं भोक फक्त मऊ गवतासाठी आणि फक्त लठ्ठ, सरावलेल्या घोड्यासाठी. कडब्यासाठी ३ सेंटिमीटरची जाळी बांधणं म्हणजे घोड्याला चिडवणं.

तुकडा मधोमध दुमडा, मीटर बाय मीटरची पिशवी होईल. दोन्ही बाजू दोऱ्यानं शिवताना एकही भोक सोडू नका, दोन्ही पदरांची समोरासमोरची भोकं एकत्र ओवत जा. दर वीतभर अंतरावर पक्की गाठ मारा. सलग शिवलेली जाळी एका जागी तुटली की पूर्ण उसवते. गाठी असल्या तर वीतभरच सुटते. प्रत्येक टोक लायटरनं वितळवून बोटाला न टोचेल असं गोल करा. तोंडाच्या भोकांतून ८ मिलिमीटरची दोरी एक आत एक बाहेर ओवा आणि दोन्ही टोकं एकत्र बांधा. अशा पिशवीत चारेक किलो वाळलेलं गवत बसतं. तोडलेला कडबा भरताना ती ठासू नका, तीन-चतुर्थांशच भरा. ठासलेल्या जाळीतून काडी सुटत नाही.

टांगायची कशी

बहुतेक अपघात इथे होतात. जाळी रिकामी झाली की ती लांबते आणि खाली लोंबते. भरलेली असताना छातीपाशी असलेली जाळी रिकामी होईपर्यंत गुडघ्याशी येते, घोडा पाय आपटतो आणि खूर आत जातो. नालाच्या मागच्या टोकात दोरा अडकला की घोडा घाबरून मागे ओढतो, पुढचं सांगायला नको.

म्हणून आधी रिकामी जाळीच टांगून उंची ठरवायची. रिकाम्या जाळीचं बूड घोड्याच्या छातीच्या वर राहिलं पाहिजे. तोंडाची दोरी भिंतीच्या कडीला बांधलेल्या सुतळीच्या वेढ्यातून काढा, खाली आणून जाळीच्या बुडाजवळच्या भोकातून घ्या, पुन्हा वर ओढा आणि ओढताच सुटेल अशी गाठ मारा. असं केलं की जाळी रिकामी होताना दुमडत वर राहते. दोरी थेट कडीतून ओवू नका. कडी आणि दोरीच्या मध्ये हा सुतळीचा एक वेढा हवाच. घोडा अडकलाच तर सुतळी तुटेल, पाय वाचेल. नायलॉनची सुतळी या कामाला नको, तागाचीच हवी.

फार उंचही टांगू नका. मान वर करून खाल्लं की धूळ आणि कुसळं डोळ्यांत पडतात, श्वासात जातात, आणि पाठ-मानेचे स्नायू आखडतात. घोड्याची घडण खाली मान घालून खाण्याची. नाल नसलेला, शांत घोडा असेल तर जाळीपेक्षा जमिनीलगतचं पिंप बरं.

पिंप

२०० लिटरचं निळं प्लॅस्टिकचं पिंप मधोमध कापलं की सुमारे ४४ सेंटिमीटर उंच, ५८ सेंटिमीटर रुंद अशी दोन टोपली होतात. बूड असलेला भाग घ्या. पिंप घेताना मात्र विचारून घ्या. सोलापुरात कापड रंगवण्याचे कारखाने पुष्कळ, आणि भंगारात येणाऱ्या पिंपांत रंग, आम्ल, ब्लीचिंगची रसायनं असलेली असतात. कितीही धुतलं तरी प्लॅस्टिक ती धरून ठेवतं. खाद्यतेल, काकवी, फळांचा रस असलेलं, वर तसं लेबल शाबूत असलेलंच पिंप घ्या. लेबल खरवडलेलं असेल तर स्वस्त मिळालं तरी सोडा.

कापलेली कड धारदार असते. ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळीचा तुकडा उभा चिरून कडेवर चढवा आणि दर १० सेंटिमीटरवर केबल टायनं आवळा. टायची टोकं बाहेरच्या बाजूला, मुळापासून कापलेली. बुडाला १२ मिलिमीटरची सात-आठ भोकं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी आणि लाळ साचून खालचा थर आंबतो.

आता झाकणाची जाळी. २० मिलिमीटरच्या ठिबक नळीचा १७० सेंटिमीटरचा तुकडा जॉइनरनं जोडा. ५४ सेंटिमीटर व्यासाचं कडं तयार होतं. त्यावर ५ सेंटिमीटर भोकांची जाळी ताणून शिवा. हे कडं वैरणीवर ठेवलं की वैरण संपत जाईल तसं ते आपल्या वजनानं आणि घोड्याच्या नाकानं खाली सरकतं. पण हुशार घोडा पहिल्याच दिवशी कडं दातात धरून बाहेर फेकतो. त्यावर उपाय: कड्याला तीन ठिकाणी ४५-४५ सेंटिमीटरच्या दोऱ्या बांधा, त्या वैरणीतून खाली नेऊन पिंपाच्या बाजूला बुडापासून ५ सेंटिमीटरवर पाडलेल्या भोकांतून बाहेर काढा आणि बाहेर लाकडी खुंटीनं अडकवा. कडं खाली जाऊ शकतं, काठाच्या वर येऊ शकत नाही. भरताना दोन खुंट्या सोडायच्या, तिसरी तशीच.

पिंप कोपऱ्यात ठेवून दोन ठिकाणी भिंतीला बांधा, खाली शहाबादी फरशी असली तर सांडलेलं वेचतानाही माती तोंडात जात नाही. चार-पाच किलो गवत यात बसतं. नाल ठोकलेल्या आणि पाय आपटायची खोड असलेल्या घोड्याला जमिनीवर जाळीचं काहीच नको. त्याला टांगलेली जाळी किंवा काठाला उंच अशी पक्की लाकडी पेटी. लोखंडी गजांची झाकणं टाळा, समोरचे दात झिजतात.

चंदी

हरभरा, जव, भरडा यांची चंदी घोडा बकाबका खातो. किलोभर गवताला त्याला चाळीसेक मिनिटं लागतात, किलोभर दाण्याला दहा. तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, बांधला की सांडत नाही एवढंच, वेग कमी होत नाही. उलट तोबऱ्यात पाठोपाठ घास घेऊन ठसका लागतो. जुना आणि आजही सर्वांत सोपा उपाय म्हणजे गुळगुळीत गोटे. सीना-भीमेच्या पात्रातले, मुठीपेक्षा बरेच मोठे, १२ ते १५ सेंटिमीटरचे पाच-सहा गोटे स्वच्छ घासून रुंद घमेल्यात ठेवा आणि चंदी त्यांच्या आजूबाजूला पसरा. घोड्याला गोटे नाकानं सारत सारत दाणे टिपावे लागतात. गोटा तोंडात मावेल एवढा कधीच नको, आणि फुटलेला, कडा असलेलाही नको. तीनशे किलोच्या घोड्याला एका वेळी दीड किलोच्या वर चंदी देऊ नये. हरभरा भिजवून, त्याहून कमी.

गोळी खाद्यासाठी फिरवायची नळी करता येते. शेतीच्या पाण्याची ११० मिलिमीटरची एचडीपीई नळी अर्धा मीटर, दोन्ही तोंडांना घट्ट टोप्या, एका ओळीत २५ मिलिमीटरची तीन-चार भोकं, सगळ्या कडा काचपेपरनं घासून. अर्धा किलो गोळी भरून फरशीवर सोडा. घोडा नाकानं लोटतो, दोन-चार गोळ्या गळतात. पीव्हीसीची नळी वापरू नका, लाथेनं तिचे धारदार तुकडे होतात. गोळी घोड्यासाठीचीच असावी. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन असतं. कोंबडीला ते औषध, घोड्याच्या हृदयाला विष. उरलंसुरलं पोल्ट्री खाद्य घोड्याच्या घमेल्यात टाकण्याची सवय असेल तर आजच बंद करा.

गाजर घालणार असाल तर उभ्या लांब फाकी करा. गोल चकत्या आणि उसाची कांडी घशात अडकतात.

सवय लावणं आणि वेळ मोजणं

पहिले तीन दिवस निम्मी वैरण मोकळी टाका, निम्मी जाळीत. जाळी आधी सैल भरा, काही काड्या भोकांतून बाहेर ओढून ठेवा. पुढच्या आठवड्यात मोकळी वैरण एक-चतुर्थांशावर आणा, मग बंद. कडकडीत भुकेल्या घोड्यासमोर पहिल्यांदा जाळी टांगू नका, तो ती फाडायलाच शिकेल.

मग एकदा घड्याळ लावून बघा. तीच वैरण, एक किलो, मोकळी किती मिनिटांत संपते आणि जाळीतून किती. मोकळी चाळीस मिनिटांत संपत असेल तर जाळीतून तास ते सव्वा तास लागणं योग्य. दोन तासांवर गेलं तर भोक लहान आहे किंवा कडबा जाड आहे. घोडा जाळी दातात धरून झटकत असेल, कान मागे टाकून लाथ मारत असेल, किंवा दोन ओढे घेऊन तोंड फिरवून उभा राहत असेल, तर खंड पडतोय हे ओळखा आणि भोक वाढवा. महिन्यातून एकदा घेराचा टेप पुन्हा लावा. घेर उतरत असेल तर जाळीला दोष देण्याआधी दात तपासून घ्या. दात झिजलेला, पडलेला म्हातारा घोडा जाळीतून पोटभर खाऊच शकत नाही. त्याला मोकळं, मऊ, भिजवलेलं. शिंगराच्या आसपास तर कुठलीच जाळी नको, ते तिच्यात पाय घालतंच.

पाणी मागं पडू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो आणि वैरण पूर्ण कोरडी. तीनशे किलोच्या घोड्याला उन्हाळ्यात २५ ते ४० लिटर पाणी लागतं, काम असेल तर त्याहून जास्त. धूळ मारायला भरलेली जाळी दहा-पंधरा मिनिटं हौदात बुडवून निथळून टांगली तर चालते, पण उन्हाळ्यात ती वैरण चार तासांनी आंबू लागते. संध्याकाळची भिजवलेली जाळी सकाळपर्यंत ठेवू नका. सैंधवाचा मोठा खडा शेजारी टांगा.

वराती असतील त्या दिवशी निघण्याआधी तासभर पाऊण ते एक किलो वैरण जाळीतून द्या. पोटात चाऱ्याचा थर असला की चालता-नाचताना आम्ल वर उसळून जठराला लागत नाही. चंदी निघण्याआधी तीन तासांत नको. परत आल्यावर आधी हळू चालवून अंग निववा, मग पाणी, मग जाळी, आणि चंदी तासाभरानं.

काय काय बिघडतं

कांद्याची जाळीदार गोणी. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची प्रचंड आवक, त्यामुळे या लाल-केशरी गोण्या घरोघर, आणि चारा भरायला अगदी तयार दिसतात. त्यांच्या पट्ट्या सुटतात, घोडा वैरणीबरोबर त्या गिळतो आणि आतड्यात गुंता होतो. शेडनेटचंही तेच. फुकटची म्हणून वापरू नका.

ऊन. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीनचा दोरा आपल्या उन्हात ठिसूळ होतो. दर आठवड्याला जाळीचा एक दोरा नखानं खरवडून, पिळून बघा. पांढरी भुकटी पडली की जाळी बदला. सावलीत टांगलेली कितीतरी जास्त टिकते. एखादं भोक तुटून दुप्पट झालं तर त्याच दिवशी शिवा, कारण मोठ्या भोकातून डोकं घालायचा प्रयत्न होतो आणि मोरखी अडकते. जाळीतून खाताना मोरखी काढलेलीच बरी. काढता येत नसेल तर निदान लोंबणारी दोरी आणि कड्या आवळून बांधा.

बाकी बारीकसारीक: पेंढीची सुतळी आणि तारेचा तुकडा भरताना काढा. उंदीर रिकामी जाळी कुरतडतात, वापरून झाली की खुंटीवर. हिरड्या आणि ओठांचे कोपरे आठवड्यातून एकदा बघा.

गाढव, शेळी, गाय, कुत्रा

वीटभट्टीवरच्या गाढवांना हे सगळं घोड्याहून जास्त मानवतं, कारण गाढव खरबरीत चाऱ्यावरच जगायला घडलेलं आहे. तोडलेला कडबा, ६ सेंटिमीटरचं भोक, लसूणघास अगदी थोडी. फक्त लठ्ठ गाढवाचा चारा एकदम कमी करू नका. उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बंद पडतं. जाळीला तोंड लावत नसेल तर दुसऱ्याच दिवशी मोकळं खायला घाला.

शेळीला जाळी बिलकुल नको. शिंगं अडकतात, करडं गळ्यात फास घालून घेतात. उस्मानाबादी शेळी मान वर करून झाडपाला ओरबाडणारी, तिला शेवरी-बाभळीच्या फांद्यांची जुडी मीटरभर उंचीवर टांगा, तेवढंच पुरेसं संथ होतं. वाळल्या चाऱ्यासाठी भिंतीला ५ सेंटिमीटर चौकोनांच्या वेल्डमेशची हेक, म्हणजे चारा ओढून खायची जाळीदार गव्हाण, करा. १० ते १५ सेंटिमीटरचे चौकोन सर्वांत वाईट, डोकं आत जातं आणि शिंगांमुळे बाहेर येत नाही. खाली सांडणाऱ्या पाल्यासाठी तसराळं ठेवा, शेळी पायदळी गेलेलं खात नाही. मेंढ्यांची हेक खाली, छातीच्या उंचीला. वरून पडणारं कुसळ लोकरीत आणि डोळ्यांत जातं.

गाई-म्हशी जिभेनं वेढा घालून ओढतात, जाळीचे धागे आणि तारा सगळं गिळतात, आणि पोटात गेलेलं प्लॅस्टिक बाहेर येत नाही. खिलार बैल असो की पंढरपुरी म्हैस, त्यांचा संथपणा वेगळ्या वाटेनं: पेंड आणि सरकी एकदम न घालता कुट्टीत मिसळून दिवसात चार-पाच वेळा गव्हाणीत पसरा, आणि चाटण वीट टांगून ठेवा.

कारवानी आणि पश्मी कुत्र्यांची छाती खोल, पोट आत ओढलेलं. घाईनं खाऊन हवा गिळली की पोट फुगून पिळा पडू शकतो आणि काही तासांत जीव जातो. दिवसाचं खाणं दोनदा विभागा. भाकरी-दुधाचा काला किंवा कोरडं खाद्य इडलीपात्राच्या ताटलीत वाटून द्या. प्रत्येक खळगा वेगळा चाटून काढावा लागतो. कोरडं खाद्य जाड सोलापुरी टॉवेलवर शिंपडून गुंडाळी करून दिली तरी दहा मिनिटं जातात, मात्र कापड फाडून गिळणाऱ्या कुत्र्याला ती नको. खाल्ल्यावर तासभर पळवू नका.

परसातल्या कोंबड्यांना पालक किंवा कोबीची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगा. एकमेकींची पिसं उपटणं बरंच कमी होतं. जुडीची दोरी आखूडच ठेवा, लांब दोरी पायाला वेढते.